मचाणाची बाहेरची तुळई

"रंग लावून मग लाकूड दाखवता व्हय, बाई?" असं म्हणून तात्या पहिल्याच फळीवर उकिडवे बसले.

निगुडकर बाई हसल्या. "अहो मिस्त्री, कार्यक्रम तीन दिवसांवर आलाय. रंगारी आधी मिळाला, तुम्ही नंतर मिळालात. मी तरी काय करू?"

"भेगांत लांबी भरून वरनं आइलपेंट मारला की कुजकं लाकूडसुदिक नव्या नवरीवानी दिसतंया. आता माझ्या डोळ्यांचा काय उपेग न्हाय. कानानंच बगाय लागंल."

'कानानंच' हा शब्द ऐकला. मी, तात्यांची लेक, नेहमीसारखी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बाईंचं घर पाचगणीच्या पार टोकाला. घराच्या मागं उतार आणि उताराखाली कृष्णेचं खोरं. त्या उतारावर खांब रोवून घराला लागून एक लाकडी मचाण केलेलं होतं. बाई त्याला डेक म्हणायच्या, आम्ही मचाण म्हणायचो. घराकडच्या अंगाला ते जमिनीला टेकल्यासारखं, पण दरीकडच्या अंगाला खाली दीड पुरुष उंची. सव्वीस वर्षांपूर्वी बाईंच्या यजमानांनी हौसेनं करून घेतलेलं, आणि करणारे आमचे तात्याच, सोपान मिस्त्री. यजमान गेल्यापासून त्यावर कुणी फारसं बसत नव्हतं. पाचगणीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, चार महिने लाकडाचा पिच्छा सोडत नाही.

आता बाईंच्या लेकीचं, रेवतीचं, डोहाळजेवण ठरलं होतं. रेवतीला आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. या खेपेला सातवा महिना लागला तेव्हा बाईंनी देव पाण्यातून काढले. रेवतीचा एकच हट्ट होता. बाबांनी करून घेतलेल्या मचाणावर झोपाळा बांधायचा, दरीकडं तोंड करून बसायचं. तीसएक बायका येणार होत्या. बाई कितीही हौशी असल्या तरी मुळात मुख्याध्यापिका. म्हणाल्या, सोपान मिस्त्रींनी 'चालेल' म्हटल्याशिवाय एक बाई वर चढणार नाही.

सगळ्या पाचगणीला तात्यांच्या कानाची ख्याती. कुणी जुनं घर विकत घ्यायचं झालं, की आधी तात्यांना न्यायचं. ते हातोडीनं वासे ठोकत जायचे आणि ठोक ऐकून सांगायचे, हा भरीव, हा आतनं पोकळ, ह्याला वाळवी लागलीय पण दोन वर्षं काढंल. कधी चुकले नाहीत.

आणि दोन वर्षांपूर्वी त्यांना ऐकू यायचं बंद झालं.

एकदम नाही झालं. सॉ मिलच्या पट्ट्यापुढं उभं राहून निम्मा जन्म गेला, त्यात कान गेले. घरात मी आणि ते दोघंच. मी नवऱ्याचं घर सोडून आले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मला पहिल्यांदा कळलं ते चहा उतू जाताना. पातेलं फसफसत होतं आणि तात्या चुलीकडं पाठ करून शांत बसले होते. मी ओरडले तरी वळले नाहीत. मी पुढं आले, तेव्हा माझं तोंड बघून ओशाळले.

"मालन, कुनाला सांगू नगंस," एवढंच म्हणाले. "सोपान मिस्त्रीचा कान गेला म्हनल्यावर र्‍हायलं काय?"

समोरच्याचं बोलणं ते ओठ वाचून निभावायचे; ठोकासाठी मात्र आम्ही दोघांनी एक युक्ती काढली. ठोकायचं त्यांनी, ऐकायचं मी. ठोक भरीव वाजला तर त्यांच्या पाठीला एक बोट लावायचं, पोकळ वाजला तर दोन. लोकांना वाटायचं, पोरगी म्हाताऱ्या बापाला आधार देतीय. किती जीव आहे बघा बापावर, म्हणायचे. दोन वर्षं आमचं बिनबोभाट चाललं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजाही वाटायची. सगळं गाव वाकून ज्याच्या तोंडाकडं बघतंय, त्याला उत्तर मी देतीय!

तर त्या दिवशी तात्या ठोकत निघाले. फळ्या भरीव. एक बोट. घराकडच्या तुळया भरीव. मधली तुळई, ठण वाजली, एक बोट. मग आम्ही खाली उतरलो आणि तात्या शिडी लावून, दोन पायऱ्या चढून दरीकडच्या बाहेरच्या तुळईला भिडले; खालून माझा हात त्यांच्या पाठीवर होताच. सगळा कठडा त्या तुळईवर, झोपाळ्याचे पुढचे दोन खांबही त्याच तुळईवर.

तात्यांनी ठोकलं.

तो आवाज ना इकडचा होता ना तिकडचा. वर रंगाचा कडक टणका, आणि त्याच्या मागून बारीकसं काहीतरी बसकं. भद. मी म्हटलं, लांबीचा आवाज असेल. तात्यांनी हातभर पुढं ठोकलं. पुन्हा तसंच.

तेवढ्यात वरून रेवतीचा आवाज आला. ती कठड्यावरून वाकून बघत होती. सात महिन्यांचं पोट, तरी चेहरा शाळेतल्या पोरीसारखा.

"मालनताई, हो म्हणायला लाव गं तात्यांना! मला दुसरं काही नको. बाबा असते तर इथेच बसवलं असतं त्यांनी मला."

बाई तिला दटावत होत्या, "अगं मागे हो आधी," पण त्यांचे डोळे माझ्याकडंच होते. मी अंगावर वळ घेऊन माहेरी आले तेव्हा महिनाभर ह्याच बाईंनी मला घरात ठेवून घेतलं होतं. माझा नवरा दारात येऊन शिव्या द्यायला लागला तेव्हा ह्याच बाई छत्री घेऊन त्याच्या अंगावर गेल्या होत्या. आणि त्यांनी आजवर माझ्याकडं काहीएक मागितलं नव्हतं.

मी एक बोट लावलं.

तात्यांची हातोडी थांबली. त्यांनी तुळईवरून तळहात फिरवला, वास घेतला आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं. असं ते कधी करत नसत. मी पुन्हा एक बोट लावलं, जरा जोरातच.

तात्या शिडीवरून उतरले, हात झटकले आणि वर बघून म्हणाले, "चालंल."

रेवतीनं टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, आता जेवायला यायचं बरं का त्या दिवशी. पहिल्या पंगतीला."

"जेवाय यीन की. पर वर न्हाय, खाली असनार मी."

"खाली कशाला?"

"आमची रीत हाय, बाई. ज्यानं 'चालंल' म्हनलं त्यानं पयल्या वजनाला खाली हुबं र्‍हायाचं. माझ्या बापानं साकवाखाली हुबं र्‍हाऊन वरनं बैलगाडी न्हेऊ दिली. मी बी आजवर कंदी चुकवलं न्हाय."

ते खरं होतं. माळा असो, साकव असो, छपराचा कैचा असो, तात्या पहिल्या वजनाला खाली उभे. आणि मी ती रीत त्या क्षणी साफ विसरले होते. त्यांचा होकार मी दिला होता, पण खाली मी उभी राहणार नव्हते.

घरी जेवताना तात्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "ती भाइरली तुळई कशी वाटली गं तुला?"

माझे ओठ तर त्यांना सहज वाचता यायचे. उत्तर वाचायलाच त्यांनी मान वर केली होती. सांगायचं असतं तर तीच वेळ होती. चूक झाली तात्या, आवाज बसका होता, उद्या जाऊन बाईंना सांगू. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? सोपान मिस्त्रीनं कालचा शब्द आज फिरवला? का फिरवला? काल ऐकू आलं नाही, मग आज कसं आलं? आणि तात्यांना काय सांगणार? दोन वर्षं ज्या बोटांवर भिस्त ठेवली, ती बोटं खोटं बोलली म्हणून?

"भरीव," मी म्हणाले.

"बरं," तात्या म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते वाकस, करवत अशी हत्यारं घेऊन बाहेर पडले. दुपारी आले तेव्हा हातावर चीक होता. मी विचारलं, तर म्हणाले, "जांभळीचं लाकूड तोडत हुतो." मला वाटलं, सरपणाला. तिसऱ्या दिवशीही तेच. मी विचारलं नाही. मी त्या दिवसांत त्यांच्या वाऱ्याला उभी राहत नव्हते, खरं सांगायचं तर.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन, खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं. झोपाळ्याला झेंडू आणि शेवंतीच्या माळा गुंडाळलेल्या. रेवती हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून बसली होती. चार-चार बायका वर येत होत्या, आणि मी प्रत्येक पावलाला कान लावून उभी होते. पण मचाण हललं नाही. दहा आल्या, वीस आल्या, हूं का चूं नाही. मला जरा धीर आला. म्हटलं, झालं, आपल्यालाच उगीच भास झाला होता.

कठड्याशी जाऊन मी खाली वाकून बघितलं. तात्या स्वच्छ धोतर नेसून, डोक्याला पटका बांधून खाली निघाले होते. खांद्यावर पोतं होतं. मला बघून त्यांनी हात वर केला आणि मचाणाखाली शिरले.

ओटी भरून झाली. दोन झाकलेल्या वाट्या रेवतीपुढं धरल्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. तिनं डोळे मिटून एक वाटी उघडली. बर्फी निघाली. "मुलगी गं बाई, मुलगी!" असा एकच गलका झाला. कुणीतरी डोहाळ्याचं गाणं सुरू केलं, सगळ्यांनी धरलं.

गाणं चालू असताना मला खालून ठोक ऐकू आला.

ठक. ठक. मग थोडं थांबून पुन्हा ठक, ठक. गाण्याच्या खाली ते कुणाला ऐकू येणार? पण माझे कान दोन वर्षं तेवढंच ऐकत आले होते. हातोडी लाकडी पाचरीवर पडत होती. पाचरीचा धक्का टेकूतून वर चढत होता आणि टेकू जिथं तुळईला लागला होता तिथं वाजत होता. भद. भद. त्यात रंगाचा टणका नव्हता, काही नव्हतं. आत भुसा भरलेलं लाकूड वाजावं तसा स्वच्छ पोकळ आवाज होता.

माझ्या हातातलं कुंकवाचं तबक खाली पडलं. तात्या टेकू लावत होते. तात्यांना माहीत होतं.

त्याच वेळी फोटोवाला म्हणाला, "सगळ्या मागं या, कठड्याला टेकून उभ्या राहा. झोपाळा मधी घ्या." आणि तीस बायका हसत, एकमेकींना ढकलत दरीकडच्या अंगाला निघाल्या.

"मागं व्हा!" मी किंचाळले. "घरात चला! तुळई मोडतीय, मागं व्हा!"

आधी कुणाला काही उमगलं नाही. मग सगळ्यांना ऐकू गेलं. खालून कडकड असा लांबलचक आवाज आला आणि कठड्याचं एक टोक चार बोटं खाली बसलं. बायका पळत सुटल्या. रेवती झोपाळ्यावर, पाय जमिनीला पुरत नव्हते. मी तिला काखेत हात घालून उचलली. कुठून बळ आलं मला ठाऊक नाही. तिनं माझं मनगट धरलं ते असं, की बांगड्या फुटून माझ्याच हातात रुतल्या.

मचाण खाली गेलं नाही. बसलं आणि थांबलं. खालच्या पहिल्या टेकूनं त्याला धरून ठेवलं होतं. तेवढ्यात सगळ्या जणी घराच्या दगडी ओट्यावर आल्या. शेवटची मी आणि रेवती.

तात्या दुसऱ्या टेकूच्या बुडाशी पाचर ठोकत होते.

ओट्याच्या कडेवरून ते दिसत होते. आमच्याकडं पाठ, मान खाली, हातोडी चालू. वर काय झालंय याचा त्यांना पत्ता नव्हता. सगळ्या बायका ओरडायला लागल्या, "मिस्त्री, बाहेर या! मिस्त्री!" फोटोवाला ओरडत होता. बाई तर ओट्याच्या अगदी टोकाशी जाऊन, सगळी शाळा गप्प करायच्या त्या आवाजात ओरडल्या, "मिस्त्री, निघा तिथून! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

कुणालाही खाली पळावंसं वाटलं नाही. का वाटावं? एवढ्या जवळून ओरडल्यावर कुणीही धडधाकट माणूस बाहेर येतो. पळायला हवं होतं हे मला एकटीला माहीत होतं. वळसा घालून स्वयंपाकघराच्या मागनं खाली जायला वीस-पंचवीस पायऱ्या. आणि रेवतीनं माझं मनगट सोडलं नव्हतं. ती "सोडू नकोस गं, पोटात दुखतंय, सोडू नकोस," म्हणत होती. मी हात हिसडला असता तर सुटला असता. त्या पोटुशीला हिसडा द्यायला मी बिचकले. किती वेळ? दोन श्वास, तीन श्वास.

मग मी हिसडा दिला आणि धावले. चौथ्या-पाचव्या पायरीवर होते तेव्हा मागं मचाण गेलं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी मला खाली नेलं. मोडलेली तुळई त्यांना दाखवायची होती. लांबी निघून गेली होती आणि आत हात घातला तर कोपरापर्यंत भुसा. तुळईच्या खालच्या अंगाला, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी दाभणाची भोकं होती. मी मोजली, नऊ. रंग ओला असताना नव्हे, नंतर पाडलेली. आपल्या हातानं टोचून तात्यांनी बघून घेतलं होतं. जांभळीचा पहिला टेकू अजून उभा होता, ओली साल तशीच; आधी लावला असता तर सगळ्यांनी 'का' विचारलं असतं. दुसरा आडवा पडला होता.

"त्यांना शंका होती, तर बोलले का नाहीत गं?" बाई रडत होत्या. "मी कार्यक्रम घरात घेतला असता. एका शब्दानं बोलायचं होतं. आणि मी एवढी ओरडले, मालन. ते का नाही निघाले?"

मी त्यांना तात्यांच्या कानाचं सांगितलं. मी एक बोट लावलं होतं हे मात्र सांगितलं नाही. बाई देवाघरी जाईपर्यंत सांगितलं नाही. रेवतीला मुलगी झाली, तिचं बारसं झालं, लग्न झालं. दर दिवाळीला रेवतीची ती लेक माझ्याकडं फराळ घेऊन येते आणि म्हणते, मावशी, तुझ्यामुळे मी आहे. मी तिच्या हातावर लाडू ठेवते.

मचाण कोसळल्यावर तात्या साताऱ्याच्या दवाखान्यात दोन दिवस होते. कंबर आणि छाती गेली होती. डॉक्टर म्हणाले, बोलायचं असेल ते बोलून घ्या. कुणाशी बोलू? डोळ्यांनाही मार लागून पट्टी बांधलेली होती, माझे ओठ दिसायची सोय नव्हती. कानाला तोंड लावून मी सगळं सांगितलं. खोटं बोलले तात्या, तो आवाज बसका होता, मला तेव्हाच कळला होता. वॉर्डातली माणसं बघायला लागली, इतक्या मोठ्यानं सांगितलं. त्यांना काहीच पोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला सुचलं. पाठीखाली हात घालता येत नव्हता, म्हणून मी त्यांचा उजवा हात माझ्या हातात घेतला आणि तळव्यावर दोन बोटं टेकवली. थांबले. पुन्हा दोन बोटं टेकवली.

बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांचा हात माझ्या तळव्यात किंचित वळला आणि एक बोट, हातोडी धरून घट्टे पडलेलं ते पहिलं बोट, माझ्या तळव्यावर टेकलं.

एकच.

मी सिस्टरला हाक मारली, म्हटलं, बघा, बोलतायत ते. ती आली, नाडी बघितली, म्हणाली, शेवटी शेवटी बोटं अशी हलतात, शिरा आखडतात. तसंही असेल. तीस वर्षं झाली, मी अजून ठरवू शकलेले नाही.

मी ते बोट तसंच धरून बसले होते. किती वेळ बसले, कुणास ठाऊक. शेवटी सिस्टरच परत आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, आता हात सोडा त्यांचा."